टेक्स्चर मॅपिंग: आधी चेकर, मग फोटो

थ्रीडी मॉडेल झकास झालंय, कुठूनतरी गंजलेल्या पत्र्याचा मस्त फोटो मिळाला, तो मटेरियलला (म्हणजे पृष्ठभागाचं रंगरूप ठरवणाऱ्या सेटिंगला) जोडला आणि मॉडेल फिरवून बघतो तर एका बाजूला गंज रबरासारखा ताणलेला, दुसऱ्या बाजूला तोच गंज मुंगीएवढा बारीक आणि मागे एक उभी फट. नवीन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं घोडं इथेच अडतं, आणि मग तो फोटो बदलत बसतो, दुसरा घेतो, ४के चा घेतो, काही फरक पडत नाही. कारण दोष फोटोत नसतोच, तो असतो यूव्हीत, म्हणजे फोटोचा कुठला भाग मॉडेलवर कुठे बसणार हे ज्या नकाशात ठरतं त्यात. म्हणून माझं एकच सांगणं आहे आणि त्यासाठीच हे सगळं लिहितोय: खरा फोटो हातात घेण्याआधी चेकर, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखं चौकोनांचं चित्र, लावा, आणि चेकरचे चौकोन मॉडेलवर चौकोनच दिसेपर्यंत, किंवा जिथे दिसत नाहीत तिथे का दिसत नाहीत हे तुम्हाला नक्की कळेपर्यंत, फोटोला हात लावू नका.

उदाहरण म्हणून आपण पत्र्याची बादली घेऊ. वर रुंद, खाली अरुंद, वर काठ, दोन बाजूंना दोन कान आणि त्यात अडकवलेली कडी. दिसायला सोपी आहे पण यूव्हीच्या जवळपास सगळ्या भानगडी त्यात एकत्र सापडतात. मापं धरू वरचा व्यास ३० सेंमी, बुडाचा २२ सेंमी, उंची २८ सेंमी. सॉफ्टवेअर ब्लेंडर, पण मुद्दे सगळीकडे तेच आहेत, फक्त बटणं वेगळी.

आधी यूव्ही म्हणजे काय ते दोन वाक्यात. थ्रीडी जागेसाठी एक्स, वाय, झेड ही अक्षरं आधीच वापरलेली म्हणून चित्रावरच्या आडव्या मापाला यू आणि उभ्या मापाला व्ही म्हणतात, चित्र कितीही पिक्सेलचं असो दोन्ही मापं ० ते १ मध्येच मोजतात. मेशच्या (मॉडेल बनवणाऱ्या जाळीच्या) प्रत्येक फेसच्या (जाळीतल्या एका तुकड्याच्या) प्रत्येक कोपऱ्याला एक यूव्ही जोडी असते, आणि स्क्रीनवर तो फेस काढताना मधल्या प्रत्येक पिक्सेलसाठी रेंडरर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा प्रोग्रॅम, त्या कोपऱ्यांवरून हिशोब करून चित्रात कुठे बघायचं ते ठरवतो, बस. ही कल्पना एड कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडली आणि आजचं ग्राफिक्स कार्डसुद्धा मुळात तेच करतं. यूव्ही फेसच्या कोपऱ्याला असतो, व्हर्टेक्सला (जिथे अनेक फेस भेटतात त्या बिंदूला) नाही, हे मात्र नीट लक्षात ठेवा, कारण त्यामुळेच सीमवरचा, म्हणजे मेश जिथे उसवतो त्या कडेवरचा, एकच व्हर्टेक्स चित्रात दोन वेगळ्या ठिकाणी असू शकतो.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट स्केल. ऑब्जेक्ट मोडमध्ये बादली उंच करायला तुम्ही फक्त झेड मध्ये ताणली असेल तर अनरॅप करताना, म्हणजे मेश सपाट उलगडून यूव्ही तयार करताना, ब्लेंडर ते ताणणं धरत नाही, त्याला आतली मूळ बुटकी मेशच दिसते, आणि चौकोन उभे लांबट येतात. एन दाबा, बाजूच्या पट्टीत स्केलचे तिन्ही आकडे १ आहेत का बघा, नसतील तर ऑब्जेक्ट मोडमध्येच कंट्रोल ए आणि स्केल. मी एकदा अख्खी संध्याकाळ सीम बदलत, परत परत अनरॅप करत घालवली होती आणि शेवटी कळलं की झेड चा स्केल १.८ होता. तेव्हापासून अनरॅपच्या आधी नजर त्या तीन आकड्यांवर गेल्याशिवाय राहत नाही.

दुसरी गोष्ट सीम. सीम म्हणजे शिवणच, फक्त उलट कामाची, कपडा शिवण उसवून टेबलावर सपाट पसरतो तसं मेश कुठे उसवायची ते आपण सांगायचं. कमी उसवलं तर सपाट होताना ताण येतो, जास्त उसवलं तर तुकडे वाढतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला चित्र तुटतं. बादलीला मी असं करतो: बाहेरून बुडाच्या गोल कडेला एक पूर्ण लूप (कडांची सलग साखळी), आत तळाच्या कडेला एक, काठाच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेला एकेक, आणि मग भिंत उघडायला बाहेर एक उभी सीम, आत एक उभी सीम. उभी सीम कुठे टाकायची तर एका कानाच्या बरोबर मागून, कारण तिथे कानाचा पत्रा आणि रिव्हेट असतात आणि चित्र तुटलं तरी नजर तिथे जात नाही. काठालाही एक छोटी आडवी काप द्या, ती कशाला ते पुढे सांगतो. कडीला दोन्ही टोकांना लूप आणि खालच्या, म्हणजे हाताच्या बोटांकडच्या बाजूने एक लांब सीम. लूप निवडायला ऑल्ट दाबून क्लिक, मग कंट्रोल ई, मार्क सीम. जिथे ९० अंशाचा धारदार कोपरा आहे तिथे सीम टाकायला अजिबात कचरू नका, तिथे तशीही प्रकाशाची रेघ असते, आणि पुढे नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचे बारीक कल साठवणारं चित्र) बेक करणार, म्हणजे हिशोब करून चित्रात साठवणार असाल तर तिथे सीम पाहिजेच.

सगळं निवडा, यू, अनरॅप. पद्धत अँगल बेस्ड ठेवा. स्मार्ट यूव्ही प्रोजेक्ट नावाचं एक सोपं बटण तिथेच आहे, ते सीम न टाकता कोनावरून तुकडे पाडतं, दूरच्या सामानाला ठीक आहे पण हाताने रंगवायच्या वस्तूला ते वापरू नका, तुकड्यांचा चिवडा होतो.

आता चेकर. यूव्ही एडिटरमध्ये न्यू करा, साइज २०४८ बाय २०४८, जनरेटेड टाइपमध्ये ब्लँकच्या जागी कलर ग्रिड निवडा. साध्या यूव्ही ग्रिडपेक्षा हे बरं, कारण यात अक्षरं आणि आकडे असतात, एखादा तुकडा उलटा बसला असेल तर अक्षर आरशातलं दिसतं आणि लगेच कळतं. मटेरियलमध्ये इमेज टेक्स्चर नोड (मटेरियलमध्ये जोडायचा एक डबा) घेऊन हे चित्र बेस कलरला जोडा आणि व्ह्यूपोर्ट (मॉडेल दिसतं ती खिडकी) मटेरियल प्रिव्ह्यूवर टाका.

बादलीकडे बघा. बूड एकदम नीट, सपाट तबकडी आहे ती, ताण यायचा प्रश्नच नाही. भिंतीवरही चौकोन चौकोनच आहेत, पण त्यांच्या ओळी आडव्या नाहीत, समोर सरळ, बाजूला जाता जाता तिरक्या, आणि मागे सीमपाशी दोन्हीकडच्या ओळी एकमेकींना छेद देऊन भिडतात. यूव्ही एडिटरमध्ये बघितलं की कारण कळतं, भिंत उलगडून आयत झालेली नाही, पंखा झालाय. वर रुंद खाली अरुंद असं काहीही कागदासारखं उलगडलं की पंखाच होणार, यात अनरॅपची काही चूक नाही. आपल्या मापांनी हिशोब केला तर हा पंखा साधारण ५१ अंशाचा येतो, म्हणजे सीमपाशी एका बाजूच्या ओळी २५ अंश इकडे कललेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या २५ अंश तिकडे.

इथे थांबून एकच प्रश्न विचारायचा: माझ्या चित्राला दिशा आहे का? नुसता गंज, धूळ, डाग असतील तर दिशा नाही, पंखा तसाच राहू द्या, ताण शून्य आहे, तेच उत्तम. पण बादलीला आडवा रंगीत पट्टा द्यायचाय, अक्षरं लिहायचीत, पत्र्यावर आडव्या वळ्या आहेत किंवा पाण्याचे उभे ओघळ आहेत, तर दिशा आहे, आणि पंख्यावर सरळ पट्टा काढला की बादलीवर तो हसऱ्या तोंडासारखा वाकडा येणार. मग भिंत सरळ करायची.

ती अशी: भिंतीतला मधला एक चौकोनी फेस निवडा, यूव्ही एडिटरमध्ये त्याचे वरचे दोन बिंदू घेऊन एस वाय ० (उभ्या दिशेत स्केल शून्य, म्हणजे दोन्ही एका रेषेत), खालचे दोन घेऊन तेच, मग डावे दोन घेऊन एस एक्स ०, उजवे दोन तसेच. तो एक फेस पक्का आयत झाला. आता भिंतीचे सगळे फेस निवडा पण हा आयत फेस शेवटी निवडा म्हणजे तो ॲक्टिव्ह राहतो, यू दाबून फॉलो ॲक्टिव्ह क्वाड्स, लेंग्थ ॲव्हरेज. सगळी भिंत त्या फेसच्या मागोमाग ओळीत उभी राहते, पंख्याची सरळ पट्टी होते. फेस सगळे चार बाजूंचे पाहिजेत, मध्ये एखादा त्रिकोण असला तर तिथे काम अडकतं.

पण फुकट काही मिळत नाही. बादलीचा वरचा घेर साधारण ९४ सेंमी आहे आणि खालचा ६९, आणि आपण दोघांना चित्रात सारखी रुंदी दिली. त्यामुळे वरचे चौकोन आडवे फाकणार आणि खालचे आवळणार. पट्टीची लांबी मधल्या घेराएवढी म्हणजे ८२ च्या आसपास धरा, की वर १५ टक्के फाकतं, खाली १५ टक्के आवळतं, आणि मध्यावर चौकोन अचूक येतो. डोळ्याला १५ टक्के बऱ्याचदा खपून जातात. अक्षरं लिहायची असतील तर ती मध्यावर लिहा, कडेला नको.

याच ठिकाणी अजून एक गोष्ट बिघडते आणि ती का होते ते लोकांना कळत नाही. बादली फक्त ८ बाजूंची असेल आणि वरपासून खालपर्यंत एकच फेस असेल तर सरळ केल्यावर चेकरच्या उभ्या रेघा प्रत्येक फेसच्या मधोमध तिरक्या रेषेवर मोडलेल्या दिसतात, नागमोडी. कारण ग्राफिक्स कार्ड चार बाजूंचा फेस दोन त्रिकोणांत कापतं आणि प्रत्येक त्रिकोणात यूव्ही स्वतंत्रपणे सरळ हिशोबाने भरतं. वर रुंद खाली अरुंद फेस चित्रात आयत झालाय म्हटल्यावर दोन त्रिकोणांचा ताण वेगळा येतो आणि कर्णावर रेघ मोडते. उपाय एकच, फेस वाढवा. गोल ३२ बाजूंचा करा, उंचीत चारपाच लूप कट (आडवे काप) टाका, मोड इतकी बारीक होते की दिसत नाही. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनच्या गेममध्ये जमीन आणि भिंती हलल्या की चित्र वळवळताना दिसायचं, ते आणि हे दिसायला भावंडं वाटतात पण कारण वेगळं: त्या मशीनमध्ये यूव्ही भरताना लांबचं जवळचं धरलंच जात नव्हतं. नंतर १९९६ च्या क्वेकमध्ये प्रोसेसरवरच ते धरलं, पण भागाकार महाग म्हणून दर १६ पिक्सेलला एकदा करायचे आणि मधलं अंदाजाने भरायचे. आजच्या कार्डात ते प्रत्येक पिक्सेलला आपोआप होतं, त्यामुळे आज नागमोड दिसली तर दोष आपल्या मेशमध्येच शोधा.

आता काठाची काप. काठ म्हणजे ३० सेंमी व्यासाची पण जेमतेम अर्धा सेंमी रुंदीची गोल पट्टी, ती न कापता उलगडली तर चित्रात एक भलंमोठं बारीक वर्तुळ होतं आणि मधली सगळी जागा अडवून बसतं. एक काप देऊन फॉलो ॲक्टिव्ह क्वाड्सने सरळ केली की नुसती ९४ बाय अर्धा सेंमीची दोरी उरते, कुठेही मावते. बादलीच्या कडीचंही तेच, अर्धवर्तुळ धरलं तर ४७ सेंमीची पट्टी.

मग सगळं निवडून यूव्ही मेनूतून ॲव्हरेज आयलंड्स स्केल आणि त्यानंतर पॅक आयलंड्स. पहिलं बटण सगळ्या तुकड्यांना त्यांच्या खऱ्या मापाच्या प्रमाणात आणतं, म्हणजे भिंतीवर आणि बुडावर चेकरचा चौकोन सारखाच दिसतो. हे विसरलात तर बुडावरचा गंज मोठ्या डागांचा आणि भिंतीवरचा बारीक, आणि बघणाऱ्याला का ते कळत नाही पण बादली खोटी वाटते. पॅकिंग मी हाताने सुधारतो. काठाची ९४ सेंमीची पट्टी पूर्ण रुंदीत धरून दोन्ही भिंती एकाखाली एक ठेवल्या तर प्रत्येकी साधारण ३० टक्के उंची जाते, खाली दोन तबकड्या शेजारी शेजारी २३ टक्क्यात, आणि कडी, काठ, कान उरलेल्या पट्टीत आरामात. आतला तळ कधीच जवळून दिसणार नसेल तर तो तुकडा मुद्दाम अर्धा करा, तिथे पिक्सेल वाया कशाला घालवायचे. दोन्ही कान सारखेच असतील तर एकावर एक ठेवले तरी चालतं, फक्त मग त्यांच्यावर बेक केलेली सावली किंवा अक्षरं टाकता येणार नाहीत.

चित्र किती पिक्सेलचं घ्यायचं? याचं उत्तर अंदाजाने देऊ नका, भागाकार करा. ९४ सेंमीचा काठ २०४८ पिक्सेलमध्ये पसरला, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण २२ पिक्सेल. सीनमधल्या बाकीच्या वस्तू मीटरला १०२४, म्हणजे सेंमीला १० च्या आसपास असतील तर बादलीला १०२४ चं चित्र पुरे, आणि २०४८ दिलं तर बादली एकटीच शेजारच्या भिंतीपेक्षा जास्त धारदार दिसेल, तेही वाईटच दिसतं. मेमरीचाही विचार करा. डिस्कवर जेपीजी २ एमबीची आहे म्हणून खुश होऊ नका, कार्डात गेल्यावर ती उलगडते, एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर २०४८ चं चित्र १६ एमबी, ४०९६ चं ६४ एमबी, बाजू दुप्पट की मेमरी चौपट. गेम इंजिनात बीसी७ कॉम्प्रेशन लावलं तर पिक्सेलला १ बाइट लागतो, म्हणजे पाव.

यात मिपमॅप धरा की अजून एक तृतीयांश वाढतं. मिपमॅप म्हणजे त्याच चित्राच्या निम्म्या निम्म्या होत जाणाऱ्या प्रती, बादली लांब गेली की कार्ड छोटी प्रत वापरतं, त्यामुळे लांबचं चित्र चमचमत नाही. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये हे मांडलं, मिप हे नाव लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांवरून आहे, थोडक्या जागेत पुष्कळ अशा अर्थाचे. आपल्याला त्याचं काय तर तुकड्यांमधलं अंतर. २०४८ च्या चित्रात दोन तुकड्यांमध्ये १६ पिक्सेल सोडले तर १०२४ च्या प्रतीत ते ८ होतात, मग ४, मग २, आणि १२८ च्या प्रतीत १, त्यापुढे शेजारच्या तुकड्याचा रंग यात मिसळायला लागतो. लांबून बघितल्यावर सीमवर काळी रेघ दिसते ती याच्यामुळे, एकतर अंतर कमी आहे नाहीतर तुकड्याबाहेरची जागा काळी सोडलीय. रंग कायम तुकड्याच्या कडेबाहेर थोडा सांडू द्या.

आता शेवटी खरी चित्रं. चेकर काढा, बेस कलरला रंगाचं चित्र, रफनेसला (खडबडीतपणाला) रफनेसचं, आणि नॉर्मलचं चित्र थेट नाही तर मध्ये नॉर्मल मॅप नोड घालून. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक कलर स्पेसची, म्हणजे चित्रातले आकडे कसे वाचायचे या सेटिंगची. रंगाचं चित्र एसआरजीबी (स्क्रीनवरच्या रंगांची नेहमीची पद्धत) बरोबर, पण रफनेस, मेटॅलिक, नॉर्मल हे रंग नाहीत, आकडे आहेत, त्यांच्या नोडमध्ये कलर स्पेस नॉन-कलर करायलाच पाहिजे. का ते एका आकड्यात दाखवतो. नॉर्मल मॅपमधला तो ओळखीचा फिकट जांभळा-निळा म्हणजे १२८, १२८, २५५, अर्थ असा की पृष्ठभाग इथे सपाट आहे, १२८ म्हणजे अर्धा, म्हणजे कल शून्य. तेच एसआरजीबी समजून वाचलं तर १२८ चा अर्धा न होता ०.२२ च्या आत होतो, आणि सपाट पत्रा दोन्ही दिशांना चांगलाच कललाय असं रेंडरर समजतो. चित्र तेच, बादली तीच, आणि सगळा प्रकाश विचित्र.

नॉर्मल मॅपचं दुसरं, हिरवा चॅनल, म्हणजे चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांतला हिरवा. ब्लेंडर आणि युनिटी हिरवा वरच्या दिशेने मोजतात, अनरिअल खालच्या. चुकीच्या जातीचा मॅप लावला की उठलेले रिव्हेट खड्डे दिसतात. तपासायला वरून एक दिवा लावा, रिव्हेटची वरची बाजू उजळ आणि खालची काळसर दिसली तर बरोबर, उलट दिसलं तर हिरवा चॅनल उलटा करा.

पत्र्यावर हाताने रंगवायचं असेल तर यूव्ही मेनूतून एक्स्पोर्ट यूव्ही लेआउट करून रेघांचं चित्र काढा आणि ते कुठल्याही चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या लेयरला ठेवून खाली रंगवा, मागची उभी सीम मात्र ब्लेंडरमध्येच टेक्स्चर पेंटने बादलीवर थेट रंगवून जुळवा, सपाट चित्रात दोन टोकांचे ओघळ डोळ्याने जुळवणं फार जिकिरीचं. आणि रंगवलेलं चित्र वेगळं सेव्ह करा. ब्लेंड फाइल सेव्ह झाली म्हणजे आतलं रंगवलेलं चित्र सेव्ह झालं असं अजिबात नाही, माझं दोन दिवसांचं काम असंच गेलंय, मशीन मध्येच बंद पडलं, फाइल उघडली तर मॉडेल जागेवर आणि चित्राच्या जागी कोरा काळा चौकोन. इमेज शब्दाशेजारी तारा दिसला की चित्र सेव्ह व्हायचं बाकी आहे असं समजा, यूव्ही एडिटरमध्ये माउस ठेवून ऑल्ट एस, आणि फाइल दुसऱ्या कोणाला पाठवायची असेल तर फाइल मेनूत एक्स्टर्नल डेटा, पॅक रिसोर्सेस, नाहीतर समोरच्याला बादली झगझगीत गुलाबी दिसेल.